सिस्टम रिस्टोअर अडकलं की आधी हार्ड डिस्क तपासा, ८ महिने वापरून आलेला अनुभव

विंडोज १० वाला जुना लॅपटॉप आहे, साधी फिरणारी हार्ड डिस्क, आणि गेल्या ८ महिन्यांत सिस्टम रिस्टोअर (विंडोजच्या सिस्टम फाइल्स आणि सेटिंग्ज आधीच्या तारखेच्या स्थितीत नेणारी सोय) ४ वेळा वापरलंय. त्यातलं पहिलंच इतकं अडकलं की लॅपटॉप गेला असंच वाटलेलं.

झालं असं की डिस्प्ले ड्रायव्हर अपडेट केल्यावर स्क्रीन सारखी काळी व्हायला लागली, म्हणून आदल्या आठवड्याचा रिस्टोअर पॉइंट, म्हणजे तेव्हा साठवलेली विंडोजची स्थिती, निवडला आणि सुरू केलं. रजिस्ट्री (विंडोजच्या सेटिंग्जचा साठा) रिस्टोअर होतेय असा मेसेज आला आणि तो तिथेच, अर्धा तास झाला, तास झाला, दोन तास झाले तरी तोच मेसेज, आणि शेवटी मी पॉवर बटण दाबून धरलं. ही चूक होती. सुरू करतानाच विंडोज सांगतं की मध्ये थांबवता येणार नाही, कारण सिस्टम फाइल्स आणि रजिस्ट्री बदलायचं काम अर्ध्यावर असतं. पुढे विंडोज चालूच होईना. दोन-तीनदा बूट फसल्यावर निळी रिकव्हरी स्क्रीन आपोआप आली, तिथून अॅडव्हान्स्ड ऑप्शन्समध्ये जाऊन तोच पॉइंट परत लावला, रात्रभर चालू ठेवला, सकाळी लॅपटॉप सुरू झालेला होता. तुमच्याकडे बिटलॉकर (डिस्कवरचा डेटा कुलूपबंद ठेवणारी विंडोजची सोय) चालू असेल तर इथे ४८ आकडी रिकव्हरी की मागू शकतात, ती आधीच लिहून ठेवा, बहुतेकांची मायक्रोसॉफ्ट अकाउंटमध्ये सेव्ह असते.

तेव्हापासून एक गोष्ट पक्की पाळतो. मेसेज हलत नाही म्हणजे काम थांबलं असं नाही, डिस्कचा छोटा लाइट लुकलुकत असेल, डिस्कचा आवाज येत असेल तर हात लावायचा नाही. जुन्या हार्ड डिस्कवर दीड-दोन तास लागू शकतात. लाइट कितीतरी तास पूर्ण शांत असेल तरच बंद करायचा विचार करा, आणि चार्जर लावलेला असू द्या.

पण एवढा वेळ का लागला हे शोधलं नसतं तर मी सगळा दोष रिस्टोअरलाच दिला असता. विंडोजमधल्या घडामोडींची नोंद दाखवणारं इव्हेंट व्ह्यूअर उघडून सिस्टम लॉगमध्ये बघितलं तर डिस्क नावाने ७ नंबरच्या एररची रांगच लागलेली, म्हणजे बॅड ब्लॉक, डिस्कवरच्या खराब जागा. डिस्क एकेक खराब जागा पुन्हा पुन्हा वाचायचा प्रयत्न करत बसते आणि रिस्टोअर तिची वाट बघत राहतं. असं दिसलं तर पहिलं काम म्हणजे फोटो-कागदपत्रं दुसरीकडे कॉपी करणं, डिस्क तपासणारं विंडोजचं चेकडिस्क (chkdsk) त्यानंतर, कारण आर स्विच (/r) लावून चालवलं की ते सगळी डिस्क वाचतं आणि मरायला टेकलेल्या डिस्कवर तो ताण नको. माझ्याकडे त्याला अख्खी रात्र लागली.

दुसऱ्या वेळी रिस्टोअर शेवटी जाऊन फेल झालं, अँटीव्हायरस एक फाइल सोडत नव्हता. सेफ मोडमध्ये, म्हणजे विंडोज फक्त गरजेपुरतं चालू करून, तेच केलं तर नीट झालं, तिथे बाहेरचे प्रोग्राम बहुतेक चालू नसतात. एक तोटा मात्र माहीत असू द्या, सेफ मोडमधून केलेलं रिस्टोअर नंतर अनडू करता येत नाही.

मग डिस्क काढून एसएसडी (फिरणारे भाग नसलेली वेगवान डिस्क) टाकली, विंडोज नव्याने घातलं, आणि तिसरं-चौथं रिस्टोअर वीसेक मिनिटांत झालं! नव्या विंडोजमध्ये सी ड्राइव्हचं प्रोटेक्शन, म्हणजे रिस्टोअर पॉइंट बनवणारी सेटिंग, बंदच होतं बरं का, तेव्हा आपलं चालू आहे का ते आजच बघून घ्या, नाहीतर गरज पडेल तेव्हा एकही पॉइंट नसणार. पॉइंटसाठी डिस्कवरची जागा मी ८ टक्के दिलीय, कमी दिली की जुने पॉइंट लवकर उडतात.

घरातल्या लोकांना मी हेही सांगत असतो की रिस्टोअर म्हणजे बॅकअप नाही, डिलीट झालेला फोटो त्यातून परत येत नाही. उलट पॉइंटनंतर टाकलेले प्रोग्राम निघून जातात, सुरू करण्याआधी स्कॅन फॉर अफेक्टेड प्रोग्राम्स दाबलं की त्यांची यादी दिसते, मी प्रत्येक वेळी तिचा मोबाइलवर फोटो काढून ठेवतो.