१,४१८ डॉलरचे दोन ॲडॉप्टर

१,४१८ डॉलर ६६ सेंट. बिलावर हा आकडा आहे आणि खाली माझी सही आहे. तीन महिने हे लिहायचं टाळलं, कारण लाज वाटत होती. पण गेल्या आठवड्यात ओळखीतल्या एकानं जुनं मोटरहोम (आत राहायची सोय असलेली मोठी गाडी) घेतलं आणि मला फोन करून विचारलं, "डॅशबोर्डच्या एसीचा गॅस बदलायचाय, कोणाकडे टाकू?" तेव्हा ठरवलं, आता लिहायचंच.

आमचं मोटरहोम १९९१ सालचं, म्हणजे एसी आर-१२ या जुन्या थंड करणाऱ्या गॅसवरचा. अमेरिकेत आर-१२ चं उत्पादन १९९५ अखेर बंद झालं. वापरायला बंदी नाही, पण आता मिळतो तो जुन्या साठ्यातला किंवा दुसऱ्या गाड्यांतून काढून शुद्ध केलेला, तोही महाग, आणि परवानाधारक मेकॅनिकलाच विकतात. म्हणून त्याच्या जागी आलेल्या आर-१३४ए गॅसवर जायचं ठरवलं. तो निर्णय चुकला नव्हता, हे आधीच सांगतो. "छतावर एसी आहे की, जनरेटर लावायचा आणि तो चालवायचा," हे मला दहा जणांनी ऐकवलंय. त्यांनी एकदा भर उन्हाळ्यात त्या भिंतीएवढ्या काचेमागे बसून चार तास गाडी चालवावी. छतावरची हवा चालवणाऱ्यापर्यंत पोहोचतच नाही. त्यात आई भारतातून आली होती, वय ७४, आणि तिला पुढच्या सीटवर बसूनच सगळं बघायचं होतं. शुक्रवारी निघायचं होतं आणि हे काम मंगळवारचं. घाई होती, मान्य आहे. पण आंधळेपणानं गेलो नव्हतो. काय काय बदलावं लागतं ते वाचून, कागदावर लिहून घेऊन गेलो होतो.

तो कागद गॅरेजवाल्यानं हातात घेतला, वाचला आणि म्हणाला, "सगळं करतो आम्ही हे." बिलात सगळं आलंही. जुना गॅस मशीननं काढणे ११० डॉलर. सिस्टिम फ्लश, म्हणजे आतून धुणे, १६५. नवा रिसिव्हर ड्रायर (गॅसमधला ओलावा शोषणारा डबा) १२८. एक्सपान्शन व्हॉल्व्ह ९४. ओ-रिंग (सांध्यांतल्या रबरी कड्या) आणि नव्या गॅसला लागणारं एस्टर ऑइल ८६. गॅस भरायच्या तोंडांवर बसणारे ॲडॉप्टर आणि लेबल ५२. गॅस ७८. मजुरी पाच तास, तासाला १३५ प्रमाणे ६७५. वर टॅक्स. माझाच कागद त्यानं मला किमती घालून परत दिला, हे आज कळतंय. तुमच्याकडे यादी असेल तर ती खिशातच ठेवा. काय काय बदलणार ते त्याच्या तोंडून येऊ द्या.

दहा वाजून दहा मिनिटांनी चावी दिली. साडेबाराला फोन आला, "गाडी तयार आहे."

पाच तासांची मजुरी आणि काम दोन तास वीस मिनिटांत. ठरावीक तासांचे पैसे लावायची पद्धत असते हे मलाही माहीत आहे, म्हणून त्यावर काही बोललो नाही. पण एवढ्या लांब होसेसच्या सिस्टिमला नुसतं व्हॅक्यूम मारायला, म्हणजे आतली हवा ओढून काढायला, पाऊण-एक तास लागतो. त्याआधी फ्लश करून ती कोरडी करायची. हिशेब तिथेच बसत नव्हता.

आता जे सांगतोय ते आठवलं की आजही झोप उडते. या जुन्या ड्रायरच्या डोक्यावर एक छोटी गोल काच असते, आतून गॅस वाहताना बुडबुडे दिसतात का ते बघायला. गाडी गॅरेजला टाकायच्या तीन आठवडे आधी मी बॉनेट उघडून त्या काचेवरची माती अंगठ्यानं पुसली होती. मातीच्या थरात अंगठ्याएवढा स्वच्छ पट्टा, त्याच्या टोकाला अर्धवट ठसा. गाडी ताब्यात घेताना मी बॉनेट उघडलं, तर तो पट्टा तसाच. तोच ठसा. बाजूच्या नटांवर पाना लागल्याचा एक ओरखडा नाही, माती जशीच्या तशी. बिलावर मात्र "नवा ड्रायर, १२८ डॉलर".

मी बघितलं. दिसलं नाही असं नाही, स्वच्छ दिसलं. मी विचारलंसुद्धा, "ड्रायर बदललात ना?" तो म्हणाला, "हो हो, तो आतला, हा वेगळा," आणि बोलता बोलता केबिनमध्ये हात घालून एसी फुल केला. भपकन गार वारा आला. त्यानं जाळीत थर्मामीटर खुपसला, ५२ अंश फॅरनहाइट. आई म्हणाली, "वा, छान गार झालं रे." आणि मी सही केली. त्या सिस्टिमला दुसरा ड्रायर नसतोच. हे मला माहीत होतं! मागे लोक थांबलेले, आई खूश, मी शरमलो आणि गप्प बसलो. पहिली दहा मिनिटं कुठलाही एसी गार मारतो, त्यानं काहीही सिद्ध होत नाही. जुने काढलेले भाग हातात घेतल्याशिवाय कार्ड काढू नका. आणि काम द्यायच्या आधीच लिहून द्या की जुने भाग परत हवेत. नंतर मागितले तर "टाकून दिले" हेच उत्तर येतं.

अकराव्या दिवशी हायवेवर आधी हवा कोमट झाली, मग किंचाळल्यासारखा आवाज, मग जळक्या रबराचा वास. कॉम्प्रेसर जाम झाला होता आणि त्यानं बेल्ट जाळला. त्याच बेल्टवर आमचा अल्टरनेटर. आईला रस्त्याच्या कडेला, गवतात, छत्री धरून दोन तास बसवलं. टोइंगचे ३८५ डॉलर.

दुसऱ्या मेकॅनिकनं काहीही उघडण्याआधी गॅस ओळखायचं यंत्र लावलं. आर-१३४ए ७१ टक्के, आर-१२ २२ टक्के, हवा ७ टक्के. हायड्रोकार्बन, म्हणजे पेट घेणारे गॅस, शून्य, तेवढं नशीब. (कोणी "जुन्या गाडीला चालणारा स्वस्त गॅस" म्हणून प्रोपेन-ब्यूटेनचं मिश्रण भरून देत असेल तर गाडी तिथून काढा. आर-१२ च्या गाडीत ते भरणं इथे बेकायदा आहे, आणि मोटरहोममध्ये मागे आपली माणसं झोपलेली असतात.) ते तीन आकडे म्हणजे माझं बिलच होतं. आर-१२ सापडला, म्हणजे ११० डॉलर घेऊन जुना गॅस काढलाच नाही. हवा सापडली, म्हणजे व्हॅक्यूम मारलंच नाही. हे दोन्ही गॅस एकत्र आले की दाब नुसत्या एकेकट्यापेक्षा वर जातो, त्यात हवेची भर. सिस्टिमला प्रेशर रिलीफ व्हॉल्व्ह (जादा दाब झाला की गॅस बाहेर सोडणारा) असेल तर गॅस बदलताना जादा दाबाला कॉम्प्रेसर बंद करणारा स्विच बसवावा लागतो, तसा नियम आहे. आमच्या सिस्टिमला तो व्हॉल्व्ह आहे. स्विच नव्हता.

आतून काळपट तेल निघालं, जुनं मिनरल ऑइल. आर-१३४ए मध्ये ते मिसळत नाही, गॅसबरोबर फिरून कॉम्प्रेसरकडे परत येत नाही, आणि कॉम्प्रेसर कोरडा पडतो. म्हणूनच एस्टर ऑइल लागतं, ज्याचे पैसे मी दिले होते. ओ-रिंग इतक्या कडक की नखानं तुटत होत्या. ड्रायरवर जुनं लेबल, आर-१२ चं. नव्या गॅसला ड्रायरमधले ओलावा शोषणारे दाणे एक्सएच-७ किंवा एक्सएच-९ प्रकारचे लागतात, याच्यात जुनेच. नवीन काय होतं? सर्व्हिस पोर्टवरचे, म्हणजे गॅस भरायच्या तोंडांवरचे, दोन ॲडॉप्टर, निळी आणि लाल टोपी घातलेले. आणि एक निळसर लेबल. त्यावर तंत्रज्ञाचं आणि दुकानाचं नाव-पत्ता, तारीख, किती गॅस भरला, कुठलं तेल, किती, हे सगळं लिहिणं बंधनकारक असतं. आमच्या लेबलवर तेलाचा रकाना कोरा होता. लेबल वाचा हो. सही करायच्या आधी वाचा. दोन मिनिटं लागतात.

तो भेसळ गॅस कोणी आपल्या मशीनमध्ये ओढून घ्यायला तयार होईना, कारण त्यात मशीनमधला चांगला गॅस खराब होतो. वेगळ्या सिलिंडरमध्ये काढून विल्हेवाट लावायचे २६० डॉलर. नवा कॉम्प्रेसर धरून पुढचं सगळं काम २,२३६ डॉलर ४० सेंट. एकूण ४,३०० डॉलर ६ सेंट.

आणि आता ज्यांच्याकडे दाद मागायची त्यांच्याबद्दल. गॅरेजवाल्यानं "दुसऱ्यानं उघडलंय, आता आमची जबाबदारी नाही" म्हणून फोन ठेवला, ते एक वेळ समजू शकतो, तो चोरच आहे. पण बँक? कार्डावरची रक्कम अडवा म्हणून अर्ज केला, तर स्वतंत्र तज्ज्ञाचा लेखी अहवाल मागितला. तोही दिला, यंत्राच्या छापील पट्टीसकट. पाच आठवड्यांनी उत्तर: सेवा दिली गेली आहे, ग्राहकाची सही आहे, अर्ज फेटाळला. राज्याच्या ग्राहक कचेरीत चौदा पानं तीन वेळा अपलोड केली, कारण दोनदा "फाइल उघडत नाही". सात आठवड्यांनी एक ओळ आली. आम्ही व्यावसायिकाला पत्र पाठवलं, त्याचं उत्तर आलं नाही, म्हणून प्रकरण बंद. उत्तर आलं नाही म्हणून बंद! म्हणजे चोरानं पत्र फाडलं की तो सुटला? वाहन दुरुस्तीच्या तक्रारी घेणाऱ्या दुसऱ्या कार्यालयात ४७ मिनिटं फोन धरून ठेवल्यावर बाईंनी विचारलं, हे वाहन धरायचं की राहायची जागा? मी म्हटलं, एसी डॅशबोर्डचा आहे, इंजिनावर चालतो, नंबरप्लेट आहे. त्यांनी मला आणखी एका विभागाकडे जोडलं आणि फोन कट झाला. पोलिस म्हणाले, दिवाणी बाब आहे. चार ठिकाणी मी तेच तीन आकडे वाचून दाखवले, ७१, २२, ७, आणि एकानंही विचारलं नाही की याचा अर्थ काय. पैसे गेल्यापेक्षा हे जास्त लागलं मनाला. कागदाला कागद लावून पुरावा दिलाय, आणि तो वाचायला कोणाला दहा मिनिटं नाहीत.

शेवटी छोट्या दाव्यांच्या कोर्टात ७५ डॉलर भरून अर्ज केलाय. पुढच्या महिन्यात तारीख आहे. वकील लागत नाही. हे मी पहिल्याच आठवड्यात करायला हवं होतं, उरलेले अर्ज नंतर. गॅस ओळखायच्या यंत्राची छापील पट्टी जपून ठेवा आणि तिची झेरॉक्स काढा, ती उन्हात फिकी पडते. माझी अर्धी पुसट झाली आहे.

दुसऱ्या मेकॅनिकनं ड्रायर न मागता माझ्या हातात दिला. तो प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून गॅरेजच्या वरच्या फळीवर ठेवलाय. काचेवरचा अंगठ्याचा पट्टा अजून आहे. घरात सगळ्यांना सांगून ठेवलंय, त्याला कोणी फडकं लावायचं नाही.