पोलोन्नरुवा: भाड्याच्या सायकलीवरून पाहिलेली जुनी राजधानी

श्रीलंकेत पाठीवर सॅक घेऊन हिंडणारा जो भेटेल तो पोलोन्नरुवाचे अवशेष सायकलवरून पाहण्याचा सल्ला देतो आणि तो योग्यच आहे. मात्र भाड्याची सायकल ताब्यात घेण्यापूर्वी तिची चेन नीट पाहावी, हे मला कोणी सांगितले नव्हते.

मी उतरलो होतो त्या गेस्टहाउसनेच दिवसभरासाठी ५०० श्रीलंकन रुपयांत सायकल दिली. अनामत मागितली नाही, पासपोर्ट ठेवून घेतला नाही आणि खोली सोडल्यावरही सॅक सांभाळली. पासपोर्ट जवळ राहिला हे बरेच झाले, कारण तिकीट खिडकीवर सार्क देशांच्या नागरिकांना मिळणारी सवलत तो दाखवल्यावरच मिळाली.

चोळांनी त्याआधीची राजधानी अनुराधपूर घेतल्यानंतर आपले ठाणे येथे केले आणि १०७० मध्ये सिंहली राजा विजयबाहूने त्यांना हुसकावून हीच राजधानी ठेवली. परंतु आज दिसणारे बरेचसे बांधकाम पहिला पराक्रमबाहू (११५३ ते ११८६) आणि त्याच्यानंतरचा निस्संकमल्ल यांच्या काळातले आहे. हे अवशेष दक्षिणोत्तर काही किलोमीटर पसरलेले असून रस्ता जवळजवळ सपाट आहे. पायी गेल्यास अर्धी शक्ती उन्हातच संपते आणि रिक्षा केल्यास बाहेर ताटकळणाऱ्या चालकाचा विचार डोक्यातून जात नाही. सायकल झाडाला टेकवून हवे तितके थांबता येते.

वटदागे या वर्तुळाकार वास्तूपाशी मी असाच बराच वेळ थांबलो. पायऱ्यांपुढे अर्धवर्तुळाकार चंद्रशिला आहे. अनुराधपूरच्या चंद्रशिलांवर हत्ती, घोडा, सिंह आणि बैल असतात. येथे बैल नाही. हिंदूंना पवित्र असलेल्या प्राण्यावर पाय पडू नये म्हणून तो वगळला, असे कारण सांगितले जाते. जवळच ‘गल पोत’, म्हणजे दगडी पोथी, आडवी पडली आहे. सुमारे २५ टनांची ही शिळा अनुराधपूरजवळच्या मिहिंतलेहून आणल्याचे तिच्यावरच कोरले असून उरलेल्या मजकुरात निस्संकमल्लाने स्वतःची स्तुती करून घेतली आहे. पादत्राणे मात्र प्रत्येक पवित्र ठिकाणी काढावी लागतात आणि अकरानंतर दगड असा तापतो की जाड मोजे सोबत नसतील तर दर्शन आटोपते घ्यावे लागते.

रंकोत विहाराचा विटांचा प्रचंड स्तूप मागे टाकला आणि चेन पडली. काडीने ती चढवली, शंभरेक पॅडल मारल्यावर पुन्हा पडली, आणि असे चारदा झाले. सैल चेन ताणून घेण्यासाठी पाना लागतो आणि तो सायकलसोबत दिलेला नव्हता.

हातांना काळे ग्रीस घेऊनच गल विहाराला पोहोचलो. एकाच खडकात कोरलेल्या चार मूर्तींपैकी निजलेली बुद्धमूर्ती सुमारे १४ मीटर लांब आहे, म्हणजे अजिंठ्याच्या २६ क्रमांकाच्या लेण्यातील महापरिनिर्वाण मूर्तीच्या जवळपास दुप्पट. तरीही लक्षात राहते ती उशी: डोक्याच्या भाराने ती किंचित दबलेली कोरली आहे, जणू दगडात कापूस भरला असावा. वरचा पाय खालच्या पायापेक्षा थोडा मागे सरकलेला आहे आणि ही निद्रा नसून परिनिर्वाण आहे, हे त्यावरून ओळखतात. मूर्तीकडे पाठ करून छायाचित्र काढण्यास येथे मनाई आहे आणि रखवालदार लगेच शिट्टी वाजवतो. त्यामुळे गर्दीतही लोक मूर्तीकडेच पाहत असतात, ही सोय मला फार आवडली.

उत्तर टोकाच्या तिवंक प्रतिमागृहातील भित्तिचित्रे पाहून परतताना चेन आणखी दोनदा पडली. गेस्टहाउसच्या मालकांनी तक्रार शांतपणे ऐकून घेतली, चेन तिथल्या तिथे ताणून दिली आणि भाड्यातले २०० रुपये परत केले. मात्र ती ढिली असल्याचे त्यांना आधीच ठाऊक होते, हेही बोलण्यातून निसटले. व्यवहाराला पूर्ण गुण देतो, पण सायकलीला ५ पैकी २ च. सायकल घेताना गेस्टहाउससमोरच्या रस्त्यावर एक फेरी मारा, उभे राहून जोराने पॅडल मारा, चेन टिकली तरच पैसे द्या, आणि पान्याची आठवण करा.