डिझर्टेशनला फेरोची लॉगटिंग घ्यावी की ओलांडची लागटिंग?

एमएला स्वायत्त प्रदेशाची संसद हा विषय घ्यायचं ठरलं की ही दोन नावं हमखास निघतात, डेन्मार्ककडची फेरो बेटं नि फिनलंडकडचं ओलांड. मी दोन्हीत हात घालून झालोय म्हणून सांगतो. फेरोच्या संसदेचं नाव लॉगटिंग, ओलांडच्या संसदेचं लागटिंग, इतकी सारखी की आमच्या गाईड सरांनी व्हायव्हापर्यंत उलटसुलट केली.

रंगत म्हणाल तर फेरोच. ३३ सदस्य, २००८ पासून सगळ्या बेटांचा मिळून एकच मतदारसंघ, राजधानी टोर्सहावनमधलं ते छोटंसं लाकडी सभागृह, दरवर्षी २९ जुलैला चर्चमधून मिरवणुकीने येतात आणि अधिवेशन सुरू. मंत्री झालेला सदस्य खुर्ची सोडतो, जागी बदली सदस्य बसतो. ओलांड त्यापुढे अगदीच सरळमार्गी, ३० सदस्य, दर चार वर्षांनी ऑक्टोबरच्या तिसऱ्या रविवारी निवडणूक, बस्स.

पण माझं डोकं उठलं ते भलत्याच गोष्टीने. अमुक विषयावर कायदा करायचा अधिकार कुणाचा, एवढंच शोधायचं होतं. फेरोत १९४८ चा होमरूल म्हणजे स्वशासनाचा कायदा आहे, वर २००५ चा, ज्यात राज्यघटना, नागरिकत्व, सर्वोच्च न्यायालय, परराष्ट्र-संरक्षण आणि चलन सोडून बाकी विषय लॉगटिंग स्वतःकडे घेऊ शकते. आता घेऊ शकते म्हणजे घेतलाय असं नाही ना! २०१६ ला लॉगटिंगने समलिंगी विवाहाला मंजुरी दिली, मी म्हटलं झालं, विषय त्यांचाच, अख्खं प्रकरण तसं लिहून काढलं, आणि मग कळलं की कुटुंब कायदा तेव्हा डेन्मार्ककडेच होता, पुढच्या वर्षी डॅनिश संसदेने मान्यता दिली तेव्हा कुठे समलिंगी विवाहाचा कायदा लागू झाला, आणि विषय फेरोच्या हातात आला २०१८ ला. चर्चचा विषय २००७ लाच आलेला. म्हणजे प्रत्येक विषयाची वेगळी तारीख हुडकत बसा. तीस पानं गेली माझी.

ओलांडला १९९१ च्या स्वायत्तता कायद्याचं कलम १८ उघडा, लागटिंगचे विषय, कलम २७ उघडा, फिनलंडचे. आपल्या राज्यघटनेच्या सातव्या परिशिष्टातल्या केंद्र-राज्य याद्यांसारखंच, त्यामुळे हात लगेच बसतो. हद्द ओलांडली की काय तेही कागदावर सापडतं, कारण लागटिंगचा प्रत्येक कायदा फिनलंडच्या राष्ट्राध्यक्षांकडे जातो, शंका असेल तर सुप्रीम कोर्टाचं मत घेतात आणि रद्द करायचा तर चार महिन्यांत, पूर्ण किंवा तेवढाच भाग. चार महिने, मुदत ठरलेली! आपल्याकडे राज्यपालांच्या सहीसाठी पडून राहिलेली विधेयकं आठवून मला जरा हसूच आलं.

त्रास ओलांडलाही आहेच, बहुतेक कागदपत्रं स्वीडिशमध्ये. पण ट्रान्सलेटरवर स्वीडिश बऱ्यापैकी निघते, फेरोईजने, म्हणजे फेरोच्या भाषेने, मात्र मला तरी रडवलं, तुमचा अनुभव वेगळा असू शकतो.

मी शेवटी ओलांडच घेतलं. तुमचं मन फेरोवरच बसलं असेल तर लिहायच्या आधी कुठला विषय कधी हातात आला त्याचा तक्ता करून घ्या, मी तो केला पण तीस पानं फाडल्यावर.