टेस्टोस्टेरॉन कमी आलंय: जेल, इंजेक्शन की आधी वजन? आणि बायकांचं काय?

टेस्टोस्टेरॉन या संप्रेरकाच्या (हार्मोनच्या) रिपोर्टवर २८० आणि शेजारी 'लो' असं छापून आलं, की माणूस थेट औषधाचं विचारतो. पण आधी तो आकडा खरा आहे का ते बघा. टेस्टोस्टेरॉन सकाळी सर्वांत जास्त असतं, दिवसभरात उतरतं, आणि काही खाल्लं की आणखी खाली येतं. ऑफिसातून परतताना दादरला उतरून दिलेल्या रक्तावर काहीच ठरवता येत नाही. सकाळी ७ ते १० च्या दरम्यान, उपाशीपोटी द्यायचं. मुंबईत बऱ्याच लॅबची माणसं घरी येतात, सातची वेळ घेतली तर कामावर जायला उशीरही होत नाही. रात्रपाळी असेल तर झोपून उठल्यावर दोन-तीन तासांत द्या. डेंग्यू, ताप किंवा ऑपरेशन नुकतंच होऊन गेलं असेल तर तब्येत सावरेपर्यंत थांबा. आणि वेगळ्या दिवशी, शक्यतो त्याच लॅबमधून, पुन्हा तपासा. दोनदा कमी आलं तरच कमी.

पुरुषांसाठी अमेरिकी युरॉलॉजिस्टांची रेघ ३०० नॅनोग्रॅम प्रति डेसिलिटर, युरोपातली १२ नॅनोमोल प्रति लिटर, म्हणजे साधारण ३४५. नॅनोमोलला २८.८ ने गुणलं की नॅनोग्रॅम मिळतात. आकडा या रेघांच्या आसपास घुटमळत असेल तर एसएचबीजी (रक्तात टेस्टोस्टेरॉनला बांधून ठेवणारं प्रथिन) तपासून फ्री, म्हणजे न बांधलेलं, टेस्टोस्टेरॉन गणिताने काढून घ्या. पोट सुटलेल्यांमध्ये एसएचबीजी कमी असतं, त्यामुळे एकूण आकडा उगाच घाबरवतो. वय वाढलं की ते वाढतं आणि आकडा उगाच दिलासा देतो. सोबत एलएच आणि एफएसएच (मेंदूतल्या पिट्यूटरी ग्रंथीकडून वृषणांना जाणारे हुकूम), प्रोलॅक्टिन (त्याच ग्रंथीचं आणखी एक हार्मोन), टीएसएच (थायरॉइडसाठी), बी१२, हिमोग्लोबिन आणि एचबीए१सी (तीन महिन्यांची सरासरी साखर) करा. 'थकवा येतो, चिडचिड होते' या तक्रारी थायरॉइड, मधुमेह, झोपेत श्वास अडकणं आणि रोजचा दोन-दोन तासांचा प्रवास यांच्याही असतात. टेस्टोस्टेरॉनकडे खरं बोट दाखवतात त्या तीनच गोष्टी: संबंधाची इच्छा कमी होणं, पहाटेची ताठरता जाणं आणि संबंधाच्या वेळी ताठरता न येणं.

पुरुषांत चाळिशीनंतर पातळी वर्षाला साधारण एक टक्क्याने उतरते. पन्नाशीत जी मोठी घसरण दिसते, तिच्यामागे वयापेक्षा पोट, साखर, घोरणं आणि दारू जास्त असतात. म्हणून एलएच वाढलेलं नाही, प्रोलॅक्टिन ठीक आहे, आकडा २५० ते ३५० मध्ये आणि वजन जास्त, अशा माणसाने सहा महिने वजन आणि घोरण्याला द्यावेत, असं आमचं स्पष्ट मत आहे. आहार सांभाळून वजन नीट उतरवलं तर ८० नॅनोग्रॅमच्या आसपास वाढ मिळू शकते. बॉर्डरवरच्याला तेवढी पुरते. उलट एलएच वाढलेलं असेल तर दोष वृषणांत आहे, तिथे वजन उतरवून फारसं हाती लागत नाही. एलएच न वाढता आकडा १५० च्या खाली असेल किंवा प्रोलॅक्टिन जास्त असेल तर पिट्यूटरीचा एमआरआय आधी.

औषध घ्यायचंच ठरलं तर एक प्रश्न सगळ्यांत आधी: अजून मूल हवंय का? बाहेरून टेस्टोस्टेरॉन दिलं की मेंदू एलएच-एफएसएच बंद करतो आणि शुक्राणू शून्यावर येऊ शकतात. जिममध्ये इंजेक्शनं टोचून घेणाऱ्या तिशीतल्या पोरांना हे कुणी सांगत नाही. मूल हवं असेल तर क्लोमिफीन किंवा एचसीजी या, वृषणांनाच टेस्टोस्टेरॉन बनवायला लावणाऱ्या औषधांचा विचार डॉक्टरांबरोबर करायचा.

जेलचा फायदा असा की पातळी रोज सारखी राहते, आणि त्रास झाला तर उद्यापासून बंद करता येतं. एक टक्क्याच्या ५ ग्रॅम पाकिटात ५० मिलिग्रॅम असतं. आंघोळ करून अंग कोरडं पुसा, खांद्यावर किंवा दंडावर लावा, वाळू द्या, हात साबणाने धुवा, मगच शर्ट. पुढचे पाच तास अंगावर पाणी नको, म्हणून मे महिन्यातली दुसरी आंघोळ संध्याकाळी. नातवंड खांद्यावर झोपत असेल तर मात्र जेल नकोच, कारण त्वचेवरून ते मुलाच्या अंगात जातं. तपासणीसाठी रक्त द्यायच्या दिवशी सुई टोचायच्या हातावर जेल लावू नका, आकडा खोटा वाढतो.

२५० मिलिग्रॅमचं दोन-तीन आठवड्यांनी घ्यायचं इंजेक्शन स्वस्त, पण पहिले काही दिवस जोर आणि शेवटी मरगळ. रक्त घट्ट होण्याचा धोकाही यातच सर्वांत जास्त. यातल्या सस्टॅनॉन या ब्रँडमध्ये शेंगदाण्याचं तेल असतं, शेंगदाण्याची ॲलर्जी असेल तर आधी सांगा. १००० मिलिग्रॅमचं डेपो (अंगात साठून हळूहळू झिरपणारं) इंजेक्शन पहिल्यानंतर सहा आठवड्यांनी, मग १० ते १४ आठवड्यांनी. ते कुल्ल्यात हळूहळू द्यावं लागतं, आणि तेल फुप्फुसात गेलं तर जोराचा खोकला येतो, म्हणून अर्धा तास दवाखान्यातच बसायचं. ४० मिलिग्रॅमच्या कॅप्सूल जेवणातल्या तुपा-तेलाबरोबरच शोषल्या जातात. उपासाला साबुदाण्याच्या खिचडीबरोबर चालेल, नुसत्या चहावर फुकट.

औषध सुरू केल्यावर तीन महिन्यांनी हिमॅटोक्रिट (रक्तात लाल पेशी किती टक्के) आणि पीएसए (प्रोस्टेटची रक्ततपासणी). हिमॅटोक्रिट ५४ च्या वर गेलं तर औषध थांबतं. प्रोस्टेटचा कॅन्सर, उपचार न केलेलं स्लीप ॲप्निया (झोपेत श्वास अडकणं), नुकताच येऊन गेलेला हार्ट अटॅक: यांत सुरूच करायचं नाही. टेस्टोस्टेरॉन घेणाऱ्या पुरुषांवरच्या २०२३ च्या ट्रॅव्हर्स अभ्यासात हार्ट अटॅक आणि पक्षाघात वाढले नाहीत, पण हृदयाचे ठोके अनियमित होणं आणि फुप्फुसात रक्ताच्या गुठळ्या अडकणं जास्त दिसलं.

बायकांचा हिशोब वेगळा. त्यांचं टेस्टोस्टेरॉन विशी-तिशीपासूनच हळूहळू उतरतं. पाळी गेली म्हणून एकदम कोसळत नाही, अंडाशय काढले तर मात्र निम्म्यावर येतं. कमी ठरवायला कुठलीही मान्य रेघ नाही, त्यामुळे 'लो' छापलेला रिपोर्ट बघून उपचार करणारा डॉक्टर दिसला तर उठून या. तज्ज्ञांच्या २०१९ च्या जागतिक सहमतीनुसार ते देण्याचं कारण एकच: पाळी गेल्यानंतर इच्छा मेलेली आहे आणि त्याचा त्या बाईला स्वतःला त्रास होतोय. थकवा, हाडं, विसरभोळेपणा यांसाठी नाही. त्याआधी कोरडेपणामुळे दुखतंय का (योनीत लावायचं इस्ट्रोजेन क्रीम पुरतं), डिप्रेशनची गोळी चालू आहे का आणि नवऱ्याशी पटतंय का, हे विचारायला हवं.

द्यायचंच तर पुरुषांच्या मात्रेचा दहावा हिस्सा, दिवसाला ५ मिलिग्रॅम, म्हणजे तेच पाकीट दहा दिवस पुरवायचं. इंजेक्शन आणि कातडीखाली बसवायच्या गोळ्या नकोत, कारण मात्रा वाढली तर परत काढून घेता येत नाही. तीन ते सहा आठवड्यांनी पातळी बघायची, ती जास्त नाही ना एवढ्यासाठीच. पुरळ आणि हनुवटीवरचे केस मात्रा कमी केल्यावर मागे फिरतात, घोगरा झालेला आवाज फिरेलच असं नाही. सहा महिन्यांत फरक नाही तर बंद.

लोकलच्या डब्यातल्या 'मर्दाना ताकद'च्या कागदांपेक्षा परळच्या केईएमची किंवा मुंबई सेंट्रलच्या नायरची एंडोक्राइन (हार्मोनच्या आजारांची) ओपीडी केव्हाही बरी. तिथे जाताना दोन्ही सकाळचे रिपोर्ट आणि चालू औषधांची यादी न्या, त्यात अश्वगंधा आणि जिमची पावडरही लिहा.