पुण्यात एकटीने राहायचं तर स्टेशन की डेक्कन?
पहाटेची ट्रेन असेल तर स्टेशनजवळचं लॉज सोयीचं, पाच मिनिटांत फलाटावर, भाडंही कमी, पण रात्री उशिरा त्या गल्ल्यांत शटरं खाली आणि रिक्षावाले "ताई कुठे, ताई कुठे" करत मागे, मला तरी नको वाटतं. डेक्कनला खोली जरा महाग पडते, पण एफसी रोड, जेएम रोडवर कॉलेजची पोरंपोरी, खाण्याच्या गाड्या, उजेड, एकटी चालत आलीस तरी कुणी वळून बघत नाही. आणि दोन्हीकडे वनाज-रामवाडी मेट्रो आहेच, त्यामुळे लांब पडतं वगैरे आता सांगू नकोस. फक्त लॉजचं दार मेन रोडवर उघडतं की बोळात ते आधी फोनवर विचार, मी एकदा नुसते फोटो बघून बुक केलं आणि जिन्यात बल्बच नव्हता, मोबाईलचा टॉर्च लावून तीन मजले चढले.