चौदा महिने दोन फ्रीलान्स संकेतस्थळांवर : रिव्ह्यू सोबत का नेता येत नाहीत?

काही महिन्यांपूर्वी फ्रीलान्स कामे मिळवून देणाऱ्या एका संकेतस्थळावरचे माझे खाते एकोणीस दिवस बंद राहिले, म्हणून हा अनुभव लिहायला घेतला. प्रोफाइल कसे करायचे, बिड (कामासाठीचा आपला प्रस्ताव) कशी टाकायची हे वाचणाऱ्यांना ठाऊक आहे असे धरून चालते. मी सांगलीत विश्रामबागला राहते. कुपवाड एमआयडीसीतल्या एका कारखान्याच्या ड्रॉइंग विभागात नऊ वर्षे नोकरी केली आणि आता घरून सॉलिडवर्क्स या त्रिमितीय ड्रॉइंगच्या सॉफ्टवेअरवरची कामे घेते. जुन्या कागदी ड्रॉइंगवरून त्रिमितीय मॉडेल आणि उत्पादनासाठीची ड्रॉइंग करून देणे हे त्यातले मुख्य काम. ज्या दोन संकेतस्थळांवर कामे केली त्यांची नावे देत नाही, कारण माझी तक्रार ज्या पद्धतीबद्दल आहे ती दोन्हीकडे सारखीच आहे. त्यांना पहिले आणि दुसरे एवढेच म्हणते.

खाते बंद पडण्याचे कारण महाराष्ट्रातल्या बहुतेक विवाहित स्त्रियांच्या ओळखीचे असेल. माझ्या पॅन कार्डावर मधले नाव वडिलांचे आहे आणि बँकेच्या पासबुकात पतीचे. ओळख पडताळणीच्या यंत्रणेने या दोन वेगळ्या व्यक्ती ठरवल्या. मी महापालिकेचा विवाह नोंदणीचा दाखला पाठवला, नंतर त्याचे इंग्रजी भाषांतर नोटरी करून पाठवले, आणि प्रत्येक वेळी कागदपत्र अस्पष्ट असल्याचे तेच ठरावीक उत्तर आले. त्या काळात माझे ३४० डॉलर अडकले होते, आणि त्याहून वाईट म्हणजे अर्धे झालेले एक काम क्लायंटला देता येत नव्हते, कारण त्याच्याशी बोलण्याचा मार्गही खात्याबरोबरच बंद झाला होता.

तेव्हा मी दुसऱ्या संकेतस्थळाकडे गंभीरपणे वळले. खाते आधीच उघडलेले होते, पण वापर जवळजवळ नव्हता. पहिल्यावर माझी ४७ कामे पूर्ण झालेली, सर्वांना क्लायंटच्या रिव्ह्यूत पाच तारे, आणि तासाला १८ डॉलर दर. दुसऱ्यावर त्याच हातांचे, त्याच संगणकाचे आणि त्याच नऊ वर्षांच्या अनुभवाचे मूल्य शून्य होते. एकतीस बिड टाकल्या, त्यांतल्या बऱ्याच पैसे मोजून, तेव्हा तीन उत्तरे आली आणि पहिले काम तासाला सहा डॉलरने मिळाले.

या क्षेत्रात स्पर्धा आहे, ती आपल्या फायद्याची आहे, असे मीही वर्षभरापूर्वी मानत होते. स्पर्धा आहे हे खरेच. ईलान्स आणि ओडेस्क या दोन फ्रीलान्स संकेतस्थळांचे विलीनीकरण २०१३ च्या डिसेंबरात जाहीर झाले आणि २०१५ मध्ये एकत्रित कंपनीचे नाव अपवर्क झाले. फाइव्हर २०१० साली पाच डॉलरच्या कामांपासून सुरू झाले. ऑस्ट्रेलियाचे फ्रीलान्सर आणि ब्रिटनचे पीपलपरअवर हेही मैदानात आहेत. पण इतके पर्याय असूनही काम करणाऱ्याकडून घेतले जाणारे कमिशन सरळ खाली आलेले नाही. फाइव्हर विक्रेत्याच्या कमाईतले २० टक्के ठेवते. अपवर्कने २०१६ मध्ये एकाच क्लायंटकडून होणारी कमाई वाढेल तसे उतरणारे २०, १० आणि ५ टक्के असे टप्पे केले, २०२३ मध्ये सरसकट १० टक्के केले आणि २०२५ पासून ते कामागणिक ० ते १५ टक्क्यांच्या दरम्यान ठरते. ज्यांचे जुने क्लायंट पाच टक्क्यांवर आले होते, त्यांचे कमिशन २०२३ च्या बदलाने दुप्पट झाले. कमिशन वाढले म्हणून उठून दुसरीकडे जाणे ज्याला परवडत नाही, त्याच्यासाठी कमिशन कमी करण्याची घाई कोण करणार? क्लायंट एका दुपारी तीन ठिकाणी जाहिरात टाकू शकतो. त्याला त्यात काही गमवावे लागत नाही. आपले रिव्ह्यू मात्र जिथे मिळाले तिथेच राहतात.

मी एकाच गोष्टीवर अडून बसले आहे असे कोणाला वाटेल, म्हणून पहिल्या संकेतस्थळावरच्या ४७ रिव्ह्यूंतला एक सविस्तर सांगते. अमेरिकेतल्या एका छोट्या वर्कशॉपने गिअरबॉक्स हाउसिंगचे हाताने काढलेले, घड्या पडलेले ड्रॉइंग स्कॅन करून पाठवले होते. टायटल ब्लॉकमध्ये (ड्रॉइंगच्या कोपऱ्यातल्या माहितीच्या चौकटीत) थर्ड अँगलचे, म्हणजे उजवीकडून दिसणारे दृश्य उजवीकडेच काढण्याच्या पद्धतीचे, चिन्ह होते, पण बाजूचे दृश्य त्याच्या उलट, फर्स्ट अँगल पद्धतीने मांडलेले होते. मूळ यंत्र जर्मन होते, आणि तिथे फर्स्ट अँगल वापरतात. कोणीतरी ते ड्रॉइंग गिरवून घेताना टायटल ब्लॉक तेवढा आपला लावला असणार. चिन्हावर विश्वास ठेवून मॉडेल केले असते, तर तेलाचे छिद्र उलट्या अंगाला गेले असते. मला ते दिसले कारण बेअरिंगच्या खाचेची तुटक रेषा समोरच्या दृश्याशी जुळत नव्हती. मी काम थांबवून विचारले. क्लायंटने रिव्ह्यूत लिहिले की ही चूक त्यांच्याकडे अनेक वर्षे कोणाच्या लक्षात आली नव्हती आणि प्रत्येक हाउसिंग नंतर दुरुस्त करून वापरावे लागत होते. माझ्याकडे दाखवण्यासारखे यापेक्षा चांगले प्रमाणपत्र नाही. त्या पानाची पीडीएफ मी दुसऱ्या संकेतस्थळाला पाठवली, तेव्हा बाहेरचे रिव्ह्यू ग्राह्य धरत नाही असे उत्तर आले.

मोबाईल कंपन्यांच्या बाबतीत पूर्वी हेच होत असे. कंपनी बदलायची तर नंबर सोडावा लागे, आणि नंबर सगळ्या नातेवाइकांकडे, बँकेत, गॅसच्या पुस्तकावर असल्यामुळे माणूस वाईट सेवा सहन करत राही. २० जानेवारी २०११ पासून देशभर नंबर पोर्टेबिलिटी लागू झाली आणि नंबर ग्राहकाबरोबर जाऊ लागला. आमच्या मार्केट यार्डात हळदीच्या सौद्याला आलेला शेतकरीसुद्धा एका अडत्याशी पटले नाही तर पुढच्या हंगामात पोती दुसऱ्या पेढीवर उतरवतो, आणि तिथे हळकुंड मोडून रंग पाहिला की मालाची पारख होते. रिव्ह्यू हा आमचा माल नसेल, पण आमच्या मालाची पारख त्यावरच होते. युरोपच्या जीडीपीआर या माहिती-संरक्षणाच्या कायद्यात स्वतःची माहिती एका सेवेकडून दुसरीकडे नेण्याचा हक्क आहे. रिव्ह्यूंसाठी तसा स्पष्ट हक्क हवा, असे माझे ठाम मत आहे.

दुसऱ्या संकेतस्थळाबद्दलचे मत मात्र मधल्या काळात बदलले, तेही नोंदवते. सुरुवातीला माझ्या वहीत त्याच्यापुढे ‘निरुपयोगी’ असे लिहिले होते. चार महिन्यांनी प्रत्यक्ष बँकेत जमा झालेल्या रुपयांचा हिशेब केला, तेव्हा कमिशन, पैसे काढण्याचे शुल्क आणि डॉलरच्या दरातली घट धरून शंभर डॉलरच्या कामामागे दुसऱ्याकडून सहाशे रुपये जास्त हातात येत होते. नावाचा तोच घोळ तिथेही झाला, पण चॅटवर खरी व्यक्ती आली, दाखला पाहिला आणि चाळीस मिनिटांत प्रश्न मिटवला. (१९६१ च्या आयकर कायद्याच्या कलम १९४-ओ खालची, संकेतस्थळाने कमाईतून करायची करकपात १ ऑक्टोबर २०२४ पासून एक टक्क्यावरून ०.१ टक्क्यावर आली आहे आणि विवरणपत्रात ती जमेस धरली जाते, म्हणून हिशेबात घेतलेली नाही.)

पहिले खाते विसाव्या दिवशी दोन ओळींच्या पत्रासह सुरू झाले; विलंबाचे कारण दिलेले नव्हते. अडकलेले पैसे मिळाले, तो क्लायंट परत आला नाही. सध्या पहिले खाते चालू ठेवले आहे, कारण ते ४७ रिव्ह्यू तिथे आहेत, पण नवी कामे शक्यतो दुसऱ्यावर घेते आणि तिथला माझा दर आता तासाला अकरा डॉलरपर्यंत वर आला आहे. पहिल्याची सशुल्क सदस्यता जूनमध्ये संपते. तोवर दुसऱ्यावर पंचवीस रिव्ह्यू जमले, तर मी तिचे नूतनीकरण करणार नाही. आज तिथे नऊ आहेत.