प्रॉक्समॉक्स व्हीई ९ : तीन होस्ट आणि एक सॅन असलेल्यांसाठी रिव्ह्यू

आपल्याकडच्या मध्यम कंपन्यांचं सर्व्हर रूम बघितलं तर चित्र साधारण सारखंच असतं. दोन-तीन होस्ट (म्हणजे मोठे सर्व्हर), मागे एक आयस्कझी नाहीतर फायबर चॅनलची सॅन (सगळ्या होस्टना मिळणारं सामाईक स्टोरेज), वर व्हीएमवेअरचं ईएसएक्सआय (एका होस्टवर अनेक व्हर्च्युअल मशीन, म्हणजे व्हीएम, चालवणारं सॉफ्टवेअर), आणि त्यावर डोमेन कंट्रोलर, एसक्यूएल, टॅली, ईआरपी, फाइल सर्व्हर. ब्रॉडकॉमने नोव्हेंबर २०२३ मध्ये व्हीएमवेअर ताब्यात घेतलं, त्याच डिसेंबरात कायमस्वरूपी लायसन्स विकणं बंद करून टाकलं, आणि मग ऑक्टोबर २०२५ ला व्हीस्फिअर ७ चा (ईएसएक्सआय ज्यात येतं तो संच) सपोर्टपण संपला. म्हणजे जुनं लायसन्स होतं म्हणून निवांत बसलेल्यांनाही आता काहीतरी ठरवावंच लागतंय. हा रिव्ह्यू त्यांच्यासाठी. क्लाउडवाले आणि शंभर होस्टवाले यांचा हिशोब वेगळा, त्यात मी पडत नाही.

प्रॉक्समॉक्स ही व्हिएन्नाची कंपनी, ईएसएक्सआयच्या जागी चालणारं तिचं प्रॉडक्ट व्हीई २००८ पासून आहे, पूर्ण ओपन सोर्स, खाली डेबियन लिनक्स आणि व्हीएम चालवणारं केव्हीएम. ९.० ऑगस्ट २०२५ मध्ये आलं, डेबियन १३ वर. आतापर्यंत सॅनवाल्यांना मी स्वतः सांगायचो की थांबा जरा, कारण एकच होतं आणि ते मोठं होतं. सॅनचं लन (स्टोरेजचा एक तुकडा) सगळ्या होस्टला द्यायचं, त्यावर शेअर्ड एलव्हीएम (लिनक्सची डिस्क वाटून द्यायची पद्धत) करायचं, हे सगळं चालायचं, लाइव्ह मायग्रेशन (चालू व्हीएम दुसऱ्या होस्टवर हलवणं) चालायचं, एचए (होस्ट पडला की व्हीएम दुसरीकडे आपोआप चालू होणं) चालायचं, पण व्हीएमचा स्नॅपशॉट (त्या क्षणाची जपलेली स्थिती) घेता यायचा नाही. व्हीएमवेअरकडे व्हीएमएफएस ही स्वतःची फाइल सिस्टिम असल्यामुळे आपल्याला सवय अशी लागलेली की ईआरपीचा पॅच टाकायच्या आधी स्नॅपशॉट, गडबड झाली की दोन मिनिटांत मागे. ती सोय नाही म्हटलं की ईआरपीवाला व्हेंडर हातच लावत नाही, आणि त्याचंही बरोबरच आहे.

९ मध्ये ही अडचण सुटायला लागलीय. स्टोरेजच्या सेटिंगमध्ये व्हॉल्यूम चेनवाला पर्याय चालू करायचा, डिस्क क्यूकाउ२ फॉरमॅटमध्ये ठेवायची, की शेअर्ड एलव्हीएमवरही स्नॅपशॉट मिळतो. आतून होतं काय, तर चालू व्हॉल्यूम तिथेच गोठवला जातो आणि त्याच्यावर नवीन व्हॉल्यूम चढतो, पुढचे सगळे बदल त्या नव्यात. आता इथे नीट लक्ष द्या, कारण एलव्हीएम थिक आहे, म्हणजे नवा व्हॉल्यूम पूर्ण साइजची जागा घेतो. ५०० जीबीची डिस्क असेल तर एका स्नॅपशॉटला सॅनवर आणखी ५०० जीबी मोकळी हवी. सॅन ८०-९० टक्के भरलेली असेल तर हे फीचर तुमच्यासाठी नसल्यासारखंच आहे. शिवाय जुन्या रॉ फॉरमॅटच्या डिस्क आपोआप बदलत नाहीत, त्या एकदा हलवून क्यूकाउ२ करून घ्याव्या लागतात. आणि ९.० काय, ९.१ काय, दोन्हीकडे यावर टेक्नॉलॉजी प्रिव्ह्यू (म्हणजे अजून चाचणीच्या टप्प्यात) असं स्पष्ट लिहिलंय. म्हणून माझं मत असं की टेस्ट सर्व्हर, इंट्रानेट, प्रिंट सर्व्हर यांना आजच वापरा, मुख्य एसक्यूएलला तो शिक्का निघेपर्यंत नको.

बॅकअपला मात्र या स्नॅपशॉटची गरज लागत नाही, हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. प्रॉक्समॉक्स बॅकअप सर्व्हर वेगळ्या मशीनवर टाका, तो चालू व्हीएमचे फक्त बदललेले ब्लॉक उचलतो, डीडुप्लिकेशन करतो (सारखा डेटा एकदाच साठवतो), आणि विंडोज व्हीएममधली एकच फाइल पाहिजे असेल तरी बहुतेक वेळा ब्राउझरमधून काढून देतो. सगळ्या संचातली मला सगळ्यात आवडलेली गोष्ट हीच. बॅकअपला व्हीम (Veeam) हे सॉफ्टवेअर वापरत असाल तरी हरकत नाही, १२.२ पासून त्यांचा सपोर्ट आहे.

ईएसएक्सआयवरून आणायचं काम ८.२ पासून विझार्डने होतं. ईएसएक्सआयला स्टोरेज म्हणून जोडायचं, व्हीएम निवडायचा, बस. पण तयारी आधी करा : व्हीएमवेअर टूल्स तिकडेच काढून टाका, व्हर्टआयओ ड्रायव्हर (प्रॉक्समॉक्सकडच्या व्हर्च्युअल डिस्क आणि नेटवर्क कार्डाचे) टाकून घ्या, जुने स्नॅपशॉट डिलीट करा नाहीतर इम्पोर्ट फार रखडतं, आणि स्टॅटिक आयपी लिहून ठेवा कारण इकडे नेटवर्क कार्ड नवीन दिसतं आणि विंडोज जुन्या कार्डाचा आयपी धरून बसतं.

दोनच होस्ट असतील तर कोरमचा, म्हणजे क्लस्टरमध्ये निम्म्याहून जास्त मतं असण्याचा, विषय टाळता येत नाही. एक होस्ट गेला की उरलेल्याकडे निम्मीच मतं राहतात, मग तो नवीन व्हीएम चालू करत नाही आणि कॉन्फिगरेशन रीड-ओन्ली होतं. तिसरं मत द्यायला एखादं छोटं लिनक्स मशीन क्यूडिव्हाइस म्हणून ठेवा, खर्च नगण्य आहे. कोरोसिंकला (होस्ट ज्यातून एकमेकांशी बोलतात त्याला) स्वतंत्र नेटवर्क द्या, बॅकअपच्या ट्रॅफिकमध्ये त्याला घुसवू नका.

८ वरून ९ ला जाणाऱ्यांनी आधी ८.४ वर या, मग चेकलिस्टची स्क्रिप्ट फुल मोडमध्ये चालवा आणि ती जे जे पिवळं-लाल दाखवेल ते वाचा खरंच. सेफ (Ceph, होस्टच्याच डिस्क एकत्र करून केलेलं स्टोरेज) वापरत असाल तर ते आधी त्याच्या स्क्विड आवृत्तीवर हवं. सेंटओएस ७ किंवा उबुंटू १६.०४ चे कंटेनर ९ वर चालणार नाहीत, त्यांना लागणारा जुना सीग्रुप (लिनक्समधली प्रोसेसर-मेमरी वाटून द्यायची सोय) काढून टाकलाय, व्हीएम असतील तर काही प्रश्न नाही. ग्लस्टर स्टोरेजचा सपोर्टपण गेलाय. तरी फार रेंगाळू नका, ८ चा सपोर्ट ऑगस्ट २०२६ पर्यंतच आहे.

काय कमी आहे तेही सांगतो. व्हीएमवेअरचं डीआरएस वापरून लोड आपोआप इकडचा तिकडे करायची सवय असेल तर ९.१ पर्यंत तसं काही नाही. ९.० मध्ये एचएचे अफिनिटी रूल्स आलेत, म्हणजे दोन डोमेन कंट्रोलर एकाच होस्टवर येऊ नयेत एवढं सांगता येतं, आणि तीन होस्टच्या सेटअपला तेवढं पुरतं.

शेवटी पैशाचं. सॉफ्टवेअर फुकट आहे, सगळी फीचर्स उघडी आहेत, पण प्रॉडक्शनला फुकटवाल्या रिपॉझिटरीवर (अपडेट जिथून येतात ती जागा) चालवू नका, मनापासून सांगतोय. सबस्क्रिप्शन सॉकेटवर (म्हणजे प्रोसेसरच्या संख्येवर) आहे, कोअरवर नाही, त्यामुळे ६४ कोअरचा एक प्रोसेसर असला तरी एकच मोजतात. सगळ्यात खालच्या प्लॅनमध्ये एंटरप्राइज रिपॉझिटरी मिळते, तिकीट सपोर्ट नाही. तिकीट पाहिजे तर वरचा प्लॅन, आणि कंपनीचा सपोर्ट ऑस्ट्रियाच्या कामाच्या दिवशीच असतो, रविवारी कोणी भेटणार नाही. चाकण-भोसरीवाल्यांची यात सोय आहे, आपली सुट्टी गुरुवारी असते, तेव्हा अपग्रेड गुरुवारी दुपारी काढा म्हणजे अडलं तर तिकडे माणूस जागेवर असतो.